सर्वोच्च न्यायालयाचे अलीकडचे मोठे निकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की तासाभरात वाद सुरू होतो: कोण जिंकलं, कोणाला चपराक बसली. न्यायालयानं नेमका हुकूम काय दिला, कोणाला दिला आणि पुढं तो पाळला गेला का, हे प्रश्न मागं पडतात. मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटतात. म्हणून गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या निकालांबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथं एकत्र घेतलं आहे. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेल्या निकालांवर जास्त लिहिलं आहे, बाकीच्यांवर गरजेपुरतं.

सुनावणीत न्यायमूर्ती बोलले ते बातमीत आलं. तोच निकाल समजायचा का?

नाही. सुनावणीत न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना उलटसुलट प्रश्न विचारतात. वकिलाचा मुद्दा किती टिकतो हे पाहण्याची ती रीत आहे. तोंडी शेरे कोणावरही बंधनकारक नसतात. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत, मार्च २०२३ मध्ये, राज्यपालांच्या बाजूनं उभ्या असलेल्या वकिलांवर घटनापीठानं प्रश्नांची सरबत्ती केली होती. ती ऐकून सरकार आता जाणारच असं अनेकांनी धरलं. दोन महिन्यांनी निकाल आला तेव्हा सरकार जागेवर होतं.

अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांतही गल्लत होते. भटक्या कुत्र्यांचं प्रकरण आठवा. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण करून, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता, बाकीची होती तिथंच सोडायला सांगितलं. मधल्या अकरा दिवसांत ‘सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द’ म्हणून पहिला आदेश घेऊन लोक एकमेकांशी भांडले.

पीठ किती न्यायमूर्तींचं आहे, यानं काय फरक पडतो?

सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धरून ३४ न्यायमूर्तींची पदं मंजूर आहेत. पण सगळे एकत्र बसत नाहीत. रोजची प्रकरणं दोन किंवा तीन न्यायमूर्ती ऐकतात. राज्यघटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३) प्रमाणे किमान पाच जणांचं घटनापीठ लागतं. मोठ्या पीठानं ठरवलेलं लहान पीठाला मोडता येत नाही. १९७३ चा केशवानंद भारती निकाल १३ न्यायमूर्तींचा आहे आणि तोही ७ विरुद्ध ६ असा लागला होता, पण त्यातलं मूलभूत चौकटीचं तत्त्व, म्हणजे राज्यघटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही हे, आजही टिकून आहे.

महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षात राज्यपाल चुकले, प्रतोदाची नेमणूक चुकली, असं न्यायालय म्हणालं. मग सरकार कसं टिकलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा संताप असतो आणि तो समजण्यासारखा आहे. क्रम नीट लावून पाहू.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. २९ जूनच्या रात्री सर्वोच्च न्यायालयानं बहुमत चाचणीला स्थगिती द्यायला नकार दिला आणि त्यानंतर लगेच ठाकरे यांनी राजीनामा दिला. ३० जूनला एकनाथ शिंदे यांचा शपथविधी झाला. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद, म्हणजे सभागृहात पक्षाचा आदेश आमदारांना बजावणारा, म्हणून मान्यता दिली.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ११ मे २०२३ रोजी एकमतानं निकाल दिला. सरकारनं बहुमत गमावलं आहे असं मानायला राज्यपालांसमोर वस्तुनिष्ठ आधार नव्हता, म्हणून बहुमत चाचणी बोलावणं गैर होतं. प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा नाही, म्हणून गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा होती. इथवर वाचलं की वाटतं, आता जुनं सरकार परत येणार. पण ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे गेलेच नाहीत, त्यांनी स्वतः राजीनामा दिला, आणि दिलेला राजीनामा न्यायालयाला रद्द करता येत नाही. मुख्यमंत्रिपद रिकामं झाल्यावर शिंदे यांना बोलावणं राज्यपालांच्या अधिकारात बसतं. राजीनामा दिला नसता तर सरकार पूर्ववत करण्याचा विचार करता आला असता, हेही निकालात नोंदलेलं आहे.

कायद्याच्या हिशेबानं ही मांडणी मला पटते. नागरिक म्हणून मात्र ती पचवणं अवघड जातं. घटनात्मक पदावरची व्यक्ती चुकली असं न्यायालय सांगतं, आणि त्या चुकीची किंमत तिला काहीच मोजावी लागत नाही. या निकालावर चर्चा करायची तर या जागेवर करावी. ‘न्यायालय विकलं गेलं’ किंवा ‘आम्हीच जिंकलो’ म्हणून ती होत नाही.

दोन तृतीयांश आमदार सोबत असले की पक्षांतरबंदी लागत नाही ना?

हा समज इतका पसरला आहे की वृत्तवाहिन्यांवरही तो सर्रास ऐकू येतो. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पूर्वी एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ते काढून टाकलं. उरला तो दोन तृतीयांशांचा नियम, आणि तो फक्त दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी आहे. ‘आम्ही फुटलो, पण आम्ही जास्त आहोत’ हा बचाव आता कायद्यात नाही, हे ११ मेच्या निकालानंही स्पष्ट केलं.

मग अपात्रतेचं पुढं काय झालं?

तो निर्णय न्यायालयानं स्वतः घेतला नाही. विधानसभा अध्यक्षांनी वाजवी वेळेत घ्यावा असं सांगितलं. वाजवी वेळ म्हणजे किती, हे न सांगितल्याचा परिणाम सगळ्यांनी पाहिला. महिने गेले, न्यायालयाला पुन्हा कानउघाडणी करावी लागली, आधी ३१ डिसेंबर २०२३ आणि मग १० जानेवारी २०२४ अशी मुदत ठरली. त्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हाच खरा शिवसेना पक्ष असल्याचं ठरवलं, गोगावले यांची नियुक्ती त्याच आधारावर वैध धरली आणि दोन्ही गटांपैकी कोणालाही अपात्र केलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या विधानसभेची निवडणूकही झाली.

अध्यक्ष स्वतः एका पक्षाचे आमदार असतात आणि पक्षांतराचा निवाडा त्यांच्याच हाती असतो. हा या कायद्यातला सर्वांत मोठा दोष आहे असं मला ठामपणे वाटतं. तेलंगणातल्या आमदारांच्या प्रकरणात ३१ जुलै २०२५ रोजी न्यायालयानं अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली आणि ही व्यवस्था चालू ठेवावी का याचा विचार संसदेनं करावा असं सुचवलं. महाराष्ट्राच्या वेळी अशी मुदत पहिल्याच दिवशी मिळाली असती तर?

निवडणूक रोख्यांच्या निकालानं नेमकं काय रद्द झालं?

स्टेट बँकेकडून रोखा विकत घ्यायचा आणि नाव जाहीर न होता तो राजकीय पक्षाला देणगी म्हणून द्यायचा, अशी ही योजना. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं ती घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी चौघांतर्फे लिहिलं, न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी वेगळं पण सहमतीचं निकालपत्र दिलं. पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळणं हा अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येणाऱ्या माहितीच्या हक्काचा भाग आहे, हा गाभा.

एक गोष्ट चर्चेतून नेहमी सुटते. रोख्यांसोबत कंपनी कायद्यातली दुरुस्तीही रद्द झाली. पूर्वी कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. ती मर्यादा उठवली होती, म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी देता येत होती. असा अमर्याद पैसा मनमानी आहे असं न्यायालय म्हणालं. माझ्या नजरेत गुप्ततेइतकाच हाही भाग मोलाचा आहे, पण त्यावर कोणी फारसं बोललं नाही.

नावं जाहीर करायला इतका वेळ का लागला?

निकालातला हुकूम साधा होता. स्टेट बँकेनं रोखे देणं तिथंच थांबवावं, १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यावा आणि आयोगानं तो १३ मार्चपर्यंत संकेतस्थळावर टाकावा. मुदत संपता संपता बँकेनं ३० जूनपर्यंत वेळ मागितला. त्याआधी लोकसभेची निवडणूक होऊन गेली असती. ११ मार्चला न्यायालयानं अर्ज फेटाळला आणि दुसऱ्या दिवशी कामकाज संपायच्या आत माहिती द्यायला सांगितलं. जी माहिती गोळा करायला महिने लागणार होते, ती एका दिवसात दिली गेली.

१४ मार्चला आयोगानं दोन याद्या टाकल्या, एक रोखे घेणाऱ्यांची, दुसरी वटवणाऱ्या पक्षांची. पण कोणाचा रोखा कोणाकडे गेला हे जुळत नव्हतं, कारण रोख्यांचे अनुक्रमांक दिलेले नव्हते. न्यायालयानं पुन्हा बँकेला बोलावलं, काहीही हातचं राखून न ठेवता सगळं द्या असं बजावलं आणि २१ मार्चला क्रमांकांसह तपशील आला. मग पत्रकारांनी आणि नागरिकांनी रात्ररात्र बसून याद्या जुळवल्या. न्यायालय निकालावर थांबलं असतं आणि पाठपुरावा केला नसता, तर या निकालातून आपल्या हाती दोन निरुपयोगी याद्या पडल्या असत्या.

पैसे परत घेतले का? चौकशी झाली का?

योजनेच्या काळात सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. जे रोखे निकालाच्या दिवशी वटायचे बाकी होते आणि ज्यांची पंधरा दिवसांची मुदत संपली नव्हती, ते परत करून पैसे खरेदीदाराला द्यायचे होते. पक्षांनी आधीच वटवलेला पैसा त्यांच्याकडेच राहिला. देणगीच्या बदल्यात कंत्राटं मिळाली का, याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्याची मागणी न्यायालयानं २ ऑगस्ट २०२४ रोजी नाकारली. नेहमीचे फौजदारी मार्ग खुले आहेत, असं कारण दिलं. ते कारण मला अपुरं वाटतं. ज्या यंत्रणांवरच शंका घेतली जात होती, त्यांच्याकडेच तक्रारदाराला जावं लागणार होतं.

सरन्यायाधीशांनी लिहिलं तोच न्यायालयाचा निकाल ना?

प्रत्येक वेळी नाही. समलिंगी विवाहाच्या प्रकरणात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी चार निकालपत्रं आली. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जण एकमत होते. अशा जोडप्यांच्या नात्याला कायद्यानं मान्यता द्यावी का, यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली आणि सरन्यायाधीश चंद्रचूड अल्पमतात होते. त्यांचं निकालपत्र आधी वाचलं गेलं, त्यातली सुंदर वाक्यं फिरू लागली आणि कितीतरी लोकांनी दुपारपर्यंत एकमेकांचं अभिनंदनही केलं. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रवींद्र भट यांचा होता. त्या दिवशी ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्यांनी आशा आणि निराशा एकाच दिवसात पाहिली. म्हणून कोणतंही वाक्य पुढं पाठवण्याआधी ते बहुमतातल्या न्यायमूर्तींचं आहे का, एवढं तरी पाहावं.

अनुसूचित जातींना क्रीमी लेयर लागू झाला का?

नाही. क्रीमी लेयर म्हणजे मागास समाजातला सधन थर, ज्याला आरक्षणातून वगळलं जातं. आणि ही अफवा निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे अनेक घरांत शिष्यवृत्तीची, प्रवेशाची खरी भीती पसरली.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींनी ६ विरुद्ध १ असा निकाल दिला. प्रश्न एवढाच होता की अनुसूचित जातींच्या यादीत राज्याला उपवर्गीकरण करता येईल का, म्हणजे त्या जातींचे गट पाडून आरक्षण वाटता येईल का. २००४ चा चिन्नय्या निकाल नाही म्हणाला होता. तो मोडून न्यायालयानं परवानगी दिली. अटीही घातल्या: जास्त मागास कोण हे ठोस माहितीवर दाखवावं लागेल, सगळ्या जागा एकाच जातीला देता येणार नाहीत आणि त्या वर्गीकरणाला न्यायालयात आव्हान देता येईल. एकट्या न्यायमूर्ती बेला त्रिवेदी असहमत होत्या. राष्ट्रपतींच्या यादीत राज्यांनी फेरफार करू नये असं त्यांचं म्हणणं.

क्रीमी लेयर हा प्रश्न पीठासमोर नव्हता. न्यायमूर्ती भूषण गवई यांनी आपल्या निकालपत्रात तसं धोरण आखायला हवं असं मत मांडलं आणि आणखी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत त्याला दुजोरा दिला. ती मतं वजनदार आहेत, पण हुकूम नाहीत. आठवड्याभरानं केंद्रीय मंत्रिमंडळानंही अशी कोणतीही तरतूद नसल्याचं जाहीर केलं.

मग महाराष्ट्रात ‘अ ब क ड’ असे गट होणार का?

न्यायालयानं राज्याला परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. मातंग समाजाची वर्गीकरणाची मागणी फार जुनी आहे. दुसरीकडे, यातून दलित ऐक्याला तडा जाईल आणि राखीव जागा न भरण्याचं नवं निमित्त मिळेल, ही भीतीही बोलून दाखवली जाते. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे. राज्यानं अभ्यासासाठी समिती नेमली. तेलंगणानं एप्रिल २०२५ मध्ये तीन गट करून अंमलबजावणी सुरू केली. इथं वाद घालताना कोणत्या जातीला किती नोकऱ्या, किती पदवीधर, ही आकडेवारी आधी मागितली पाहिजे. निकालानं नेमकी तीच अट घातली आहे आणि ती माहिती फक्त सरकारकडे आहे.

मराठा आरक्षण ५० टक्क्यांच्या मर्यादेवर अडलं, मग आर्थिक दुर्बलांचं १० टक्के कसं टिकलं?

१९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायमूर्तींनी ५० टक्क्यांची मर्यादा घातली, अपवादात्मक परिस्थितीची एक फट ठेवून. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये मराठा समाजाला १६ टक्के दिले. मुंबई उच्च न्यायालयानं ते शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणलं. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं, कारण मर्यादा ओलांडण्यासारखी अपवादात्मक परिस्थिती दाखवली गेली नव्हती.

७ नोव्हेंबर २०२२ रोजी दुसऱ्या पाच न्यायमूर्तींनी आर्थिक दुर्बलांचं आरक्षण ३ विरुद्ध २ असं उचलून धरलं. बहुमताचं म्हणणं, ही मर्यादा अगदीच ताठर नाही आणि ती मागासवर्गीयांच्या आरक्षणापुरती आहे. आर्थिक निकषाचं आरक्षण वेगळ्या घटनादुरुस्तीतून आलं, म्हणून ते त्या हिशेबात येत नाही. सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती भट असहमत होते. गरिबीवर आधारलेल्या आरक्षणातून दलित, आदिवासी आणि ओबीसी गरिबांनाच वगळणं हा भेदभाव आहे, असं त्यांनी लिहिलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की ‘ही मर्यादा आमच्याच वाट्याला का’ हा मराठा तरुणाचा प्रश्न बिनबुडाचा वाटत नाही. त्याला कायद्यातलं उत्तर आहे, पण समाधान करणारं नाही. २० फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यानं १० टक्क्यांचा नवा कायदा केला. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. मर्यादेचा मूळ प्रश्न नऊपेक्षा मोठ्या पीठासमोर जात नाही, तोवर प्रत्येक नव्या कायद्याभोवती हीच अनिश्चितता राहील आणि तिची झळ भरतीची जाहिरात निघायची वाट पाहणाऱ्या मुलामुलींना बसेल.

खासगी मालमत्तेच्या निकालामुळे आमच्या जुन्या चाळीचा पुनर्विकास थांबेल का?

हे प्रकरण मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर घेतल्या जाणाऱ्या जुन्या, इमारतींमधूनच उगवलं. १९७६ च्या म्हाडा कायद्यात १९८६ साली आठ-अ प्रकरण घालण्यात आलं. ७० टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर जीर्ण इमारत मालकाकडून मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन ताब्यात घेता येईल, अशी ती तरतूद. मालक न्यायालयात गेले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेलं हे प्रकरण २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे पाठवलं गेलं आणि निकाल लागला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. एवढ्या काळात किती चाळी कोसळल्या, किती भाडेकरू संक्रमण शिबिरात म्हातारे झाले, याचा विचार केला की मन खिन्न होतं.

बहुमताचं उत्तर असं: साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावं असं सांगणाऱ्या अनुच्छेद ३९(ख) मधल्या ‘समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती’त प्रत्येक खासगी मालमत्ता येत नाही, काही येऊ शकतात. त्या साधनाचं स्वरूप, त्याची टंचाई, ते थोड्या हातांत एकवटल्याचे परिणाम अशा गोष्टी पाहून ते ठरवायचं. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया पूर्ण असहमत होते, न्यायमूर्ती नागरत्ना काही भागांपुरत्या. म्हाडाचं आठ-अ प्रकरण वैध की अवैध, हे नऊ न्यायमूर्तींनी ठरवलेलं नाही. सरकारला आता कोणाचीही मालमत्ता घेता येणार नाही, हा अर्थही चूक आहे. सार्वजनिक कामासाठी भूसंपादनाचा कायदा जसाच्या तसा आहे.

बुलडोझरच्या निकालानं सगळ्या अतिक्रमणांना संरक्षण मिळालं का?

मुळीच नाही. १३ नोव्हेंबर २०२४ चा हा निकाल रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना लागू नाही. न्यायालयानं पाडकामाचा आदेश दिला असेल तिथंही नाही. बाकी ठिकाणी १५ दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर आणखी १५ दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण, एवढं करावंच लागतं. गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून घर पाडता येत नाही. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होऊ शकते.

हे कागदावर छान आहे. पण मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीच्या एका आरोपीच्या कुटुंबाचं घर पाडलं गेलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कारवाई रोखली आणि नंतर महापालिकेनं माफी मागताना सांगितलं की संबंधित अधिकाऱ्यांना या निकालाची माहितीच नव्हती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चार महिन्यांत एका मोठ्या महापालिकेच्या टेबलापर्यंत पोचत नसेल, तर तो पोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे राज्य सरकारला ठणकावून विचारलं पाहिजे.

सर्वोच्च न्यायालय स्वतःचंच म्हणणं बदलतं का?

बदलतं, आणि ते जगजाहीरपणे बदलतं. ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या प्रकरणात राज्यपाल आणि राष्ट्रपतींना विधेयकांसाठी मुदती घालून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयकं मंजूर झाल्याचं धरलं. राष्ट्रपतींनी १४ प्रश्न विचारून न्यायालयाचं मत मागवलं. २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की अशा मुदती न्यायालयाला घालता येत नाहीत आणि विधेयक आपोआप मंजूर झालं असं मानता येत नाही. मात्र राज्यपालांना विधेयक बेमुदत दाबून ठेवता येणार नाही आणि कारण न देता फार लांबवलं तर न्यायालय मर्यादित हस्तक्षेप करू शकतं, हेही सांगितलं.

पुनर्विचार याचिका टाकून काही उपयोग होतो का?

बहुतेक वेळा नाही. ती त्याच न्यायमूर्तींसमोर, शक्य असेल तर, आणि बहुधा बंद दालनात कागदपत्रांवर ठरते. निवडणूक रोखे, उपवर्गीकरण, समलिंगी विवाह, तिन्हींतल्या पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. पण मुंबईच्या वनशक्ती संस्थेचं प्रकरण वेगळं निघालं. १६ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी, आधी प्रकल्प उभारायचा आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यायची, या प्रकाराला बंदी घातली. ओक काही दिवसांत निवृत्त झाले. १८ नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींनी २ विरुद्ध १ मतांनी तो निकाल मागं घेतला आणि न्यायमूर्ती भुयान यांनी कडक शब्दांत असहमती नोंदवली. खाडी, कांदळवनं आणि डोंगर रोज खचताना पाहणाऱ्या कोकण-मुंबईच्या माणसानं ती असहमती जरूर वाचावी.

निकालावर टीका केली तर न्यायालयाचा अवमान होतो का?

निकालावर टीका करता येते. १९७१ च्या अवमान कायद्याच्या पाचव्या कलमात लिहिलं आहे की निकाल लागल्यानंतर त्याच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका अवमान ठरत नाही. २००६ च्या दुरुस्तीनं सत्य आणि लोकहित हा बचावही मान्य केला. न्यायमूर्तीवर पुराव्याशिवाय लाचखोरीचा आरोप करणं, निकाल पाळू नका असं चिथावणं, चालू खटल्यात अडथळा आणणं, इथं धोका सुरू होतो. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटबद्दल दोषी धरून ३१ ऑगस्ट २०२० रोजी एक रुपया दंड झाला. ती कारवाई टाळायला हवी होती असं मला आजही वाटतं, आणि एवढं लिहिणं कायद्याच्या चौकटीत बसतं.

पातूरच्या उर्दू फलकाच्या निकालानं मराठीचा दर्जा कमी झाला का?

नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठी फलक होताच, त्याच्या खाली उर्दूतही नाव होतं. २०२२ चा कायदा स्थानिक संस्थांत मराठी सक्तीची करतो, पण जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई करत नाही, एवढंच १५ एप्रिल २०२५ च्या निकालानं ठरवलं. त्यात उर्दू याच मातीत वाढल्याचं आणि भाषेला धर्म नसल्याचं फार जिव्हाळ्यानं लिहिलं आहे.

मूळ निकाल मराठीत मिळतो का?

मिळतो, सगळे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल मोफत आहेत आणि २०२३ पासून प्रादेशिक भाषांतल्या अनुवादांचं काम वाढलं आहे. अनुवाद समजून घेण्यासाठी, कायद्यासाठी इंग्रजी प्रतच ग्राह्य. शोधायला सोपा क्रमांक असतो. निवडणूक रोख्यांचा २०२४ आयएनएससी ११३, उपवर्गीकरणाचा २०२४ आयएनएससी ५६२, खासगी मालमत्तेचा २०२४ आयएनएससी ८३५. शेकडो पानं पाहून दचकू नका. आधी शेवटची पानं उघडा, तिथं निष्कर्ष आणि आदेश क्रमवार दिलेले असतात. मग सुरुवातीला न्यायालयापुढचे प्रश्न वाचा. असहमतीचं निकालपत्र वगळू नका. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या थेट पाहताही येतात.

निकाल आमच्या बाजूचा आहे, पण कार्यालय पाळत नाही. काय करायचं?

निकालाचा क्रमांक, तारीख आणि नेमका परिच्छेद लिहून अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर त्या निकालाच्या अंमलबजावणीसाठी काय परिपत्रक काढलं, हे माहिती अधिकारात विचारा. अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे, त्यामुळे अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. आदेश थेट त्याच कार्यालयाला दिलेला असेल आणि जाणूनबुजून मोडला असेल तर अवमान याचिकेचा मार्ग आहे, पण ती एका वर्षाच्या आत करावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना निकालाची शेवटची पानं छापून सोबत ठेवा.